मालकांची गाण्याची टाकी

आमचे मालक खोली भाड्याने देताना आधार कार्ड सगळ्यात शेवटी बघायचे. आधी म्हणायचे, "तोंड मिटा आन् जरा हूं म्हना."

समोर घोटावड्याच्या एखाद्या कारखान्यात नव्याने लागलेला मुलगा असायचा. पाठीला बॅग, शेजारी दलाल. तो गोंधळून हूं म्हणायचा. मालक डोळे मिटून ऐकायचे आणि "दुसरा मजला, रस्त्याकडची" किंवा "खोली न्हाई" असा निकाल द्यायचे. बहुतेकांना हा पोलीस पडताळणीचा नवा प्रकार वाटायचा. एकाने तर मला विचारलं होतं, की हे हूं ऑनलाइन पाठवता येतं का.

मी या परीक्षेतून सुटलो, कारण मी आलो त्या दिवशी मालक लग्नाला गेले होते आणि दलालाने परस्पर किल्ली दिली. मी कारखान्यांसाठी यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणतो. या कामाला शांतता लागते आणि पाणी लागतं. त्या इमारतीत दोन्हींची अडचण होती, हे मला नंतर कळलं.

मालक गावातले जुने शेतकरी. थोडं रान कारखान्याला गेलं, थोडं राहिलं आणि मधल्या तुकड्यावर तीन मजली इमारत उभी राहिली. माणूस उंच, रुंद, कल्लेदार मिशांचा. या देहातून निघणारा आवाज मात्र पातळ, उंच आणि सरळ आभाळाकडे जाणारा. जोंधळ्यावरची पाखरं हाकताना तो तयार झाला, असं ते सांगत. भावकी त्याला बाईचा आवाज म्हणायची. मालक म्हणायचे, "भावकीत एवढी एकच गोष्ट हाय जिची वाटनी मागाय कुनी येत न्हाई."

या सगळ्याचं मूळ म्हणजे टेक्सासचे साहेब. घोटावड्याच्या एका कारखान्यात परदेशी यंत्र आलं, ते बसवायला हे साहेब आले आणि हॉटेल मानवेना म्हणून मालकांच्या वरच्या खोलीत राहिले. ते अमेरिकन, पण घरची भाषा स्पॅनिश. बापजादे तिथलेच, नंतर मुलूख अमेरिकेत गेला. "म्हंजी मानसं जाग्यावरच व्हती, हद्द त्यांच्या अंगावरनं पल्याड गेली," मालक आम्हाला समजावत. हा मुद्दा त्यांना चटकन कळला होता. तालुक्याच्या मोजणीने त्यांच्या रानाचं तेच केलं होतं.

साहेबांचे मामा तरुणपणी चौघांच्या एका गटात गायचे. वाद्य एकही नाही. एकाने गाणं म्हणायचं, एकाने खालच्या आवाजात धुम-धुम करत ठेका धरायचा आणि उरलेल्या दोघांनी मधून आणि वरून आपापले सूर लावून धरायचे. अमेरिकेत याला डू-वॉप म्हणतात, कारण मागचे लोक असलेच बिनअर्थाचे शब्द म्हणत असतात. आपल्याकडे बिनअर्थाचं बोलायला माणसं पुढे उभी करतात, एवढाच फरक.

साहेबांनी जाताना मामांची गाणी मालकांच्या फोनमध्ये घालून दिली. त्यानंतर मालक मामांच्या गटाचा इतिहास असा सांगू लागले, की जणू गट पौडच्या पलीकडच्या एखाद्या वाडीतला आणि मामा त्यांच्या आईचे सख्खे भाऊ.

"मामा आन् तीन दोस्त. दोन शाळंतले, एक गॅरेजातला, काळा. पुलाखाली गायचे. पुलाखाली आवाज फिरून येतो ना. मग चर्चात, मग लग्नात. मग तबकडी निघाली. तबकडीवर कंपनीनं विंग्रजी नाव घातलं, म्हनली स्पॅनिश नाव खपत न्हाई. मामा म्हनला, नाव घाल तुला काय घालायचं ते, पन मधलं कडवं आमी आमच्याच भाषेत म्हननार. म्हनलं बी." इथे मिशीवरून हात फिरायचा. "मग त्यास्नी एक मोठा हॉल मिळाला."

हॉलपाशी गोष्ट थांबायची. पुढे काय झालं, असं विचारलं तर म्हणायचे, "पुढं आपलं गानं. चला, उभं ऱ्हावा."

आवाज फिरून येईल अशी जागा मालकांनी बरीच शोधली. चांदणी चौकाच्या पुलाखाली उभं राहून सूर लावला, तर पोलिसाने गाडीची कागदपत्रं मागितली. कासारसाईच्या धरणाकडे तोंड करून गायले, तर आवाज गेला तो गेलाच. "धरन म्हंजी सरकारी खातं," मालक म्हणाले. "अर्ज जातो, उत्तर न्हाई." शेवटी त्यांना आपल्याच इमारतीच्या पोटात हवी ती जागा सापडली. जमिनीखालची पाण्याची टाकी.

दर मंगळवारी सकाळी आमच्या नळाला पाणी नसायचं. मी भांडायला खाली गेलो, तर अंगणातून, अगदी पायाखालून, सुरेल हुंकार येत होता. टाकीचं झाकण उघडं होतं. आत लोखंडी शिडी, तळाशी बल्ब, आणि कोरड्या टाकीत तीन माणसं तोंडाला तोंड करून उभी.

मी वाकून विचारलं, "पाणी कधी येणार?"

हुंकार थांबला. मग मालकांचा आवाज आला. "परत बोला."

"पाणी कधी येणार, म्हटलं."

"रंजे, ऐकलंस का? खालचा आवाज हाय की ह्यो! इतकं दिस दुसऱ्या मजल्यावर नुसता पडून ऱ्हायलाय. सायेब, चपला काढा आन् आत या."

मी उतरलो, ते भांडण पुरं करण्यासाठी. वर आलो तेव्हा मी गटात होतो. पाण्याचं काय झालं ते विचारायचं राहून गेलं.

टाकीतल्या दुसऱ्या होत्या रंजनाताई. तळमजल्यावर त्यांची खानावळ. कारखान्यातली निम्मी पोरं त्यांच्या हातचं जेवायची आणि त्यांच्या जिभेला भ्यायची. गावातल्या बुद्ध विहाराजवळ त्यांचं घर, आणि जयंतीला भीमगीतं म्हणून म्हणून कमावलेला गळा. आमचं मुख्य गाणं त्या म्हणत आणि शब्दही त्यांनीच रचले होते: कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसणारी एक बाई आणि बस निघून गेल्यावर रस्त्यावर राहणारी धूळ, असं काहीसं. तिसरा सुरेंदर, लेथवर काम करणारा, बिहारचा. त्याला शब्द निम्मे कळायचे, पण मधला सूर तो खिळा ठोकल्यासारखा धरायचा. सगळ्यात वर मालक.

अडचण एकच होती आणि ती मोठी होती. आपल्याकडे जन्मभर भजन ऐकलेला माणूस. बुवांनी जो सूर लावला, तोच सगळ्यांनी उचलायचा, ही आपली रीत. दुसरा सूर लावणं म्हणजे एक तर चूक, नाहीतर उद्धटपणा. त्यामुळे रंजनाताईंनी गाणं सुरू केलं, की आम्ही तिघं हळूहळू सरकत त्यांच्याच सुरावर जाऊन बसायचो, पंगतीत जागा करून घ्यावी तसे. सगळ्यात आधी मालकच सरकायचे.

यावर मालकांनी आपल्या जन्माचा अनुभव लावला. त्यांचे चुलतभाऊ भाऊसाहेब दर पेरणीला बांध थोडा थोडा कोरत आले होते. मालक म्हणाले, "हे बगा, चौघांची चार रानं हायेत. मधी बांध हाय. शेजारच्याचं पीक कितीबी चांगलं दिसूंद्या, आपुन बांध कोरायचा न्हाई." मग टाकीच्या चार कोपऱ्यांत चौघांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. कुणी घसरला की मालक ओरडायचे, "बांध! बांध!" रंजनाताई म्हणायच्या, "मालक, आत्ता तुमीच माज्या रानात नांगर घातला." मालक कबूल करायचे. "व्हय. रक्तातच हाय आमच्या."

बरेच मंगळवार गेले. एका सकाळी चारही सूर आपापल्या जागी राहिले, आणि टाकीत पाचवाच कुणीतरी गातोय असं वाटलं. सुरेंदर दचकून म्हणाला, "ये कौन है?" मालक त्याच तंद्रीत शिडी चढून वर गेले आणि टाकी भरायचा पंप चालू केला. आम्ही अजून आतच होतो.

मालकांचे कान दिवसभर नोकरीवर असायचे. कुकरच्या शिट्टीवरून ते कुणाच्या घरचा कुकर ते सांगत. शेजारच्या दोन कारखान्यांचे भोंगे पाळी बदलताना थोडे मागेपुढे वाजत. ते एकत्र वाजले तर जोडी छान लागेल, म्हणून मालक एका कारखान्याच्या मॅनेजरकडे रीतसर विनंती करायला गेले. मॅनेजरने त्यांना जमिनीचा मोबदला हवाय असं समजून चहा पाजला. खरं कारण कळल्यावर बिस्किटंही मागवली.

आमचा बाहेरचा पहिला कार्यक्रम बावधनला एका हळदीत झाला. डीजेवाला सारखा विचारत होता, "ट्रॅक कुठंय, काका?" मालक सांगत होते, "ट्रॅक ह्यो," आणि माझ्या छातीवर थाप मारत होते. आम्ही दोन गाणी म्हटली. खाली लोक जेवत होते. मग नवऱ्या मुलाचे वडील आले आणि अदबीने विचारू लागले, "साउंड चेक झाला असेल तर कार्यक्रम कधी सुरू करायचा?"

"संपला," मालक म्हणाले.

परतीच्या वाटेवर मी सुचवलं, की एखादी ढोलकी घ्यावी, लोकांना निदान सुरुवात झाल्याचं कळेल. मालकांनी गाडी बाजूला घेतली. "सायेब, मामाला बी कंपनीवाले म्हनले, गिटार घ्या. मामानं न्हाई घेतली. आपुन टाकी उपसली कशासाठी?" एवढं बोलून त्यांनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. मी ढोलकीचा विषय पुन्हा काढला नाही.

टाकीबद्दल कुरकुर सुरू झाली ती पाण्यावरून नव्हे. पाण्याची भाडेकरूंना सवय झाली होती. शिवाय दर आठवड्याला घासली जाणारी टाकी आख्ख्या मुळशीत दुसरी नसेल. पण भाऊसाहेब एकदा चहाच्या टपरीवर सहज बोलल्यासारखं बोलले, की प्यायच्या पाण्यात कोणीही उतरतंय, हे बरं नव्हे. त्यांनी जात काढली नाही. आमच्याकडे जात कुणी काढत नाही, स्वच्छता काढतात. मालकांनी तिथेच पायातल्या वहाणा काढल्या आणि भेगाळलेला पाय बाकावर ठेवला. "भाऊसायेब, ह्यो पाय त्या टाकीत पयल्यापासनं उतरतोय. तवा न्हाई आठवलं तुमाला पानी? रंजीचं पाय बगा आन् माजं बगा, आन् मग बोला." टपरीवाल्याने बाक पुसून घेतला. विषय तेवढ्यापुरता मिटला.

तो परत निघाला यात्रेच्या वेळी.

मालकांनी यात्रा कमिटीकडे गाण्यासाठी वेळ मागितली आणि कमिटीने दिली. रंजनाताईंनी खानावळीच्या फळ्यावर, भाजीच्या नावाखाली, यात्रेचा दिवस खडूने लिहून ठेवला. या गावात त्यांचा गळा सगळ्यांना माहीत होता, पण देवळासमोरच्या स्टेजवर त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांच्या आईलाही कुणी तिथे बोलावलं नव्हतं. पोळ्या लाटता लाटता त्या तेच गाणं गुणगुणायच्या, आणि कुणी भाजीला नावं ठेवली तरी चिडायच्या नाहीत. यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते पोरांच्या लक्षात आलं.

मग कमिटीचे अध्यक्ष म्हणून भाऊसाहेबांनी मालकांना बोलावून घेतलं. मीही बरोबर गेलो.

"गानं हाय ते हाय," भाऊसाहेब म्हणाले. "पन तुमी तिघं म्हना. देवळाम्होरचं स्टेज. बाईमानूस कशाला?"

"गानं चौघांचं हाय."

"मग तुमची सून घ्या की. ती बी गाती."

सूनही बाईमाणूसच होती, हे तिथे कुणाच्या लक्षात आलं नाही. एक सभासद म्हणाला, बाहेरचे कलाकार नकोत असं धोरण आहे. मी पुण्याचा, सुरेंदर बिहारचा. आम्हा दोघांना कुणाची हरकत नव्हती. बाहेरची ठरली ती एकटी, जिचे आजे-पणजे याच गावात राबले होते.

मालक उठले. खानावळीत आले, बाकावर बसले आणि सुरेंदरलाही बोलावून घेतलं. रंजनाताई भाकरी थापत होत्या.

"हॉलचं ऱ्हायलं व्हतं सांगायचं," मालक म्हणाले. "मामास्नी मोठा हॉल मिळाला. दारावरचा मानूस म्हनला, तिघं पुढच्या दारानं या. ह्यो काळा न्हाई चालायचा. मामानं इचार केला, एवढा मोठा हॉल परत मिळायचा न्हाई. तिघं आत गेले. गायले. टाळ्या बी पडल्या. त्याच्यानंतर चौघं परत एका जागी कदी उभं ऱ्हायले न्हाईत. संपला गट. सायेब सांगत व्हता, मामा म्हातारा झालाय, पन अजून त्या हॉलचा इषय निघाला की उटून आत जातो."

भाकरी तव्यावर करपत होती. रंजनाताईंनी ती उलटली. "मग तुमी काय म्हनालात कमिटीला?"

"काय न्हाई. आता करून दावतो."

यात्रेत पालखीला पहिला खांदा देण्याचा मान मालकांच्या घराण्याचा. त्या दिवशी ढोल लागले, गुलाल उधळला आणि मालक खानावळीच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर लसूण सोलत बसले. कमिटीतली माणसं दोनदा येऊन गेली. "रंजी स्टेजवर, तर मी पालखीला," एवढंच ते बोलायचे. गावाचा खोळंबा झाला आहे, देव उन्हात उभा आहे, असा निरोप आला. मालक म्हणाले, "देवाला सावलीत घ्या."

मला वाटलं, आता गाव नमणार. पण मान ही वस्तू फार काळ बेवारस राहत नाही. थोड्या वेळाने भाऊसाहेबांनीच खांदा दिला आणि पालखी निघाली. ढोल खानावळीवरून पुढे गेले. मालक तसेच बसून राहिले. हातातली पाकळी सोलून कधीच झाली होती, ते नुसतीच तिला नख लावत होते.

रंजनाताई बाहेर आल्या. मला वाटलं, त्यांचे डोळे भरून आले असतील. तसलं काही नव्हतं.

"मालक, मला इचारलं व्हतं का तुमी?"

"अगं, तुज्यासाटीच..."

"माज्यासाटी मान सोडला, लई उपकार झाले. पन मला मान नको व्हता, मला गानं म्हनायचं व्हतं. तुमचा रुसवा झाला, त्यांची पालखी झाली. माज्या गान्याचं काय?"

मालकांनी ती पाकळी अखेर खाली ठेवली. 

"संध्याकाळी सत्कार हायेत," रंजनाताई म्हणाल्या. "तुमचं नाव दर साली पुकारत्यात, आन् तुमी दर साली रानात जाऊन बसता. आज जायचं."

"शाल घ्यायला? मी?" आयुष्यात मालकांनी एकही सत्कार घेतला नव्हता. फेट्याखाली डोकं चालत नाही, असं त्यांचं मत होतं.

"शाल घ्यायची, नारळ घ्यायचा, आन् दोन शब्द बोलायला माइक देत्यात, त्यो घ्यायचा. सत्कारवाला मानूस बोलत असला का त्याला हितं कोन उटवत न्हाई. गेल्या साली त्यो कंत्राटदार बोलत बसला, पोरं झोपली, म्हाताऱ्या घरी गेल्या. कुनी हटकलं का?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. माझं वाचन बऱ्यापैकी आहे, पण या रिवाजाचा असा उपयोग मला कुठे आढळला नव्हता.

संध्याकाळी स्टेजसमोर गाव बसलं होतं. फ्लेक्सवर इतके चेहरे होते, की देवाला कोपरा मिळाला होता. निवेदन शाळेतल्या गुरुजींकडे. यादीतलं मालकांचं नाव वाचून ते सवयीने म्हणाले, "यांनी सहकुटुंब व्यासपीठावर यावं," आणि पुढचं नाव घेणार, तेवढ्यात मालक पायऱ्या चढू लागले. मागे रंजनाताई, सुरेंदर आणि मी.

गुरुजींनी माइकवर हात ठेवला. "हे कोण?"

"कुटुंब," मालक म्हणाले.

गुरुजींनी खाली पहिल्या रांगेत बसलेल्या मालकीणबाईंकडे पाहिलं. त्या पदर सावरत मोठ्याने म्हणाल्या, "माजं गुडघं दुखत्यात, गुरुजी. होऊंद्या तुमचं."

शाल पडली, फेटा बसला, नारळ आला. गुरुजी म्हणाले, "आपण दोन शब्द बोलावेत." मालकांनी माइक घेतला आणि रंजनाताईंच्या हातात दिला.

मी धुम-धुम सुरू केलं.  सुरेंदर मध्ये आला, वरून मालकांचा बारीक हुंकार उतरला आणि रंजनाताईंनी तोंड उघडलं. खाली भजनी मंडळाचे बुवा कपाळाला आठ्या घालून आमच्यातला चुकणारा कोण ते शोधू लागले. भाऊसाहेबांनी गुरुजींना खूण केली. गुरुजींनी हात जोडले. सत्कारमूर्तींचे शब्द चालू होते, ते मध्येच कसे तोडणार? मधल्या कडव्यात मालकांचा सूर थरथरला आणि रंजनाताईंच्या सुराकडे सरकू लागला. त्यांनी डोळे वटारले. तो परत आपल्या जागी गेला. बुवांच्या आठ्या त्यानंतर कधी गेल्या ते मला दिसलं नाही, पण दुसऱ्या ध्रुवपदाला त्यांची मान हलत होती. मागे विहाराकडची माणसं उभी होती. ती हळूहळू पुढे आली आणि बसली.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या, पण वेगवेगळ्या ठिकाणांहून आणि वेगवेगळ्या वेळी. आधी शेजारी काय करतोय ते बघून लोक टाळ्या वाजवतात तशा. गुरुजींनी सुटकेचा श्वास सोडला आणि यादीतलं पुढचं नाव पुकारलं. भाऊसाहेब. ते फेटा सावरत उठले आणि त्यांनी एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला. गुरुजींनी माइक मागायला हात पुढे केला.

रंजनाताईंनी माइक सोडला नाही. पायरीवरच्या भाऊसाहेबांकडे एकदा पाहिलं आणि गावाला सांगितलं, "अजून एक गानं हाय."

मालकांनी मला कोपराने ढोसलं. भाऊसाहेबांना वर येता येईना, आणि सगळ्या गावासमोर उचललेला पाय खाली घेता येईना. ते तसेच उभे राहिले, एक पाय पायरीवर, एक मातीत. दुसरं गाणं पहिल्यापेक्षा बरंच लांब होतं.